ऊस बुडख्याला छाटतात, मग मारवेल का नको?

प्रश्न : मॅडम, आमचा माण तालुक्यात ६ एकर माळ आहे. ४ वर्षांमागं बांधावरून आणून मारवेल गवताची ठोंबं लावली. घरी ३० मेंढरं आणि २ खिलार गाया. पहिली दोन वर्षं गवत मांडीला लागायचं, आता घोट्याच्या वर जात नाही. पाऊस पडून हिरवं दिसलं की मेंढरं सोडतो. उरलेलं मंडळी विळ्यानं तळातून कापतात. माझे सासरे वाळव्याकडचे. ते ऊस गेला की बुडखे जमिनीसपाट छाटतात आणि खोडवा जोमात येतो. ऊस गवताच्याच जातीचा ना? शिवाय खुडलं की फुटतं, हरभऱ्यात बघतोच. मग आमचंच गवत का खुरटलं?
— एक वाचक, माण

उत्तर : सासऱ्यांचं काही चुकत नाही. ऊस गवतच आहे. पण तो तुटतो वर्षातून एकदा. जमिनीतल्या कांड्यांवर डोळे असतात, ते फुटतात, आणि पुढं वर्षभर त्यांना कुणी हात लावत नाही. वर कृष्णेचं पाणी आणि खताची पोती. तुमच्या मारवेलीला मुरमावरची वीतभर माती, ५०० मिलिमीटरच्या आसपासचा लहरी पाऊस, आणि आषाढ लागायच्या आत ३० तोंडं. खोडव्याच्या कोवळ्या फुटीवर दर आठवड्याला मेंढरं सोडू का, असं सासऱ्यांना एकदा विचारून बघा!

हरभऱ्याचा दाखला अर्धाच लागू पडतो. हरभऱ्याचा वाढीचा कोंब शेंड्याला असतो. तो खुडला की बगलेतले डोळे जागे होतात. गवताचा कोंब मात्र दांडा वर येईपर्यंत मातीलगत लपलेला असतो आणि पात बुडातून वाढते. म्हणून वरचं टोक खाल्लं तरी पात लांबते, आणि बुडाशी उजेड पोचल्यानं नवे फुटवेही येतात. माफक चरलेलं कुरण दाट होतं ते यामुळं. पण त्या फुटव्याला लागणारं अन्न पातीच करते. सगळी पात गेली की ठोंब बुडात साठवलेलं अन्न मोडून पुन्हा हिरवं होतं. ते हिरवं दिसलं की आपण म्हणतो, बघा, फुटलं! आणि पुन्हा मेंढरं सोडतो. दोन-तीनदा असं झालं की शिल्लक संपते.

खरं नुकसान जमिनीखाली होतं, म्हणून ते दिसत नाही. क्रायडर नावाच्या संशोधकाचे प्रयोग अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९५५ साली छापले. त्यांनी गवतांचा पाला ठरावीक प्रमाणात कापून मुळं पाहिली. ४० टक्के पाला काढला तरी मुळांची वाढ थांबली नाही. ८० टक्के काढल्यावर एकूण एक मुळं १२ दिवस थांबली, ९० टक्क्यांना १७ दिवस. आपल्याकडं पावसाची झड आणि पुढची उघडीप यांत तेवढेच दिवस असतात. ओल खाली गेली आणि मूळ वरच राहिलं, तर गवत जगणार कशावर?

मी विट्याला राहते. निवृत्तीनंतर परसात तेलाच्या दोन डब्यांत एकाच ठोंबाची मारवेल लावली होती. एक डबा दर आठ दिवसांनी दोन बोटं ठेवून कापायचा, दुसरा फुलोऱ्याला एकदाच, वीतभर ठेवून. नातवानं दसऱ्याला दोन्ही पालथे केले. दुसऱ्यातली माती मुळांनी अशी धरून ठेवलेली की डब्याचा आकार तसाच उभा राहिला. पहिल्यातली भुसभुशीत माती पायावर सांडली आणि नातू म्हणाला, "आजी, ह्यात गवत होतं का?"

म्हणून निम्मं गवत चारायचं, निम्मं ठोंबाला ठेवायचं. आता निम्मं म्हणजे किती? इथं बहुतेकांची गफलत होते. गवताचं वजन बुडाशी जास्त असतं, त्यामुळं निम्मी उंची म्हणजे निम्मं गवत नव्हे. एक ठोंब मातीलगत कापा, दोऱ्यानं बांधा आणि आडवं धरून बोटावर तोला. जिथं ते तराजूसारखं स्थिर राहील तिथं वजनाचा मध्य. बुडापासून तिथपर्यंतची उंची काठीवर खूण करून ठेवा. चरताना गवत त्या खुणेवर आलं की मेंढरं हलवायची.

रानाचे चार तुकडे करा. पहिल्या पावसानंतर गवत वीतभर होईपर्यंत कुठंच सोडू नका. तेवढे दिवस कडबा घालावा लागेल आणि तो जड जातो, हे मला कळतं. पण वर्षाची सगळ्यात महागडी चराई तीच असते. पुढं एका तुकड्यात थोडे दिवस चारून पुढच्यात जा. एक तुकडा बी पडेपर्यंत पूर्ण राखा, दर वर्षी वेगळा. कापणीच्या तुकड्यात फुलोऱ्याला एकच कापणी, जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर सोडून. दिवाळीनंतर गवत वाळलं की अन्न बुडात उतरलेलं असतं, तेव्हाची चराई तितकी लागत नाही. फक्त माती उघडी पाडू नका. गाया आधी सोडा, मेंढरं मागून. गाय जिभेनं वेटोळं घालून ओढते, तिला फार खालचं घेता येत नाही. मेंढराचा वरचा ओठ दुभंगलेला, ते मातीला तोंड लावून कुरतडतं. यंदा तर मेंढरं त्या माळापासून लांबच ठेवा. आणि घरात विळ्याला दोष देऊ नका, विळा निदान दररोज येत नाही.

प्रश्न : आमच्या माळावर चांगलं गवत जाऊन कुसळीच वाढली. मेंढरांच्या लोकरीत, कातडीत कुसळं घुसतात. उन्हाळ्यात माळ पेटवला तर जाईल का?
— एक मेंढपाळ, जत

उत्तर : पेटवू नका. कुसळीला आग मानवते. बाकीची गवतं मागं पडतात आणि ती पुढं सरकते. तिचं बी टोकदार, आणि शेपूट ओलीनं पिळून फिरतं, त्यामुळं ते मातीत स्वतःला रोवून घेतं. कातडीतही तसंच घुसतं. कुसळी कोवळी असताना मेंढरं ती आवडीनं खातात, म्हणून कुसळं धरायच्या आधी त्या पट्ट्यात कळप दाटीनं, थोडे दिवस चारा किंवा ती कापून वाळवा. कुसळं आली की कळप दुसरीकडं न्या, आणि जिथं मारवेल, पवन्या ही चांगली गवतं अजून तग धरून आहेत तो कोपरा आधी राखा.