शाळेतले प्रश्न : गप्प बसणारी नववी

प्रश्न : माझ्या नववीच्या वर्गात 58 मुलं आहेत. उत्तरं देणारी तीच सात-आठ, बाकीची माना खाली घालून बसतात. शनिवारी-सोमवारी मागचे बाक रिकामे. विचारलं तर ‘बरं नव्हतं’, एवढंच. काय करू?
– एक वर्गशिक्षिका, कोपरखैरणे

उत्तर : बाई, हजेरीपटापासून सुरुवात करा. रोजची बेरीज सोडा, एकेक नाव महिनाभर आडवं वाचत जा. महिन्यात 22 दिवस शाळा भरली तर दोन-तीन खाडे म्हणजे दहा टक्के झाले. एवढ्यावरून पालकांना कुणी बोलावत नाही, आणि गळतीची सुरुवात इथूनच होते. अशी नावं वेगळी काढून त्यापुढे चुकलेला वार लिहा. शनिवार-सोमवार बुडवणारं मूल गावी जात असेल किंवा घरच्या हातगाडीवर धंद्याला बसत असेल. चाचणीच्याच दिवशी न येणाऱ्याचं दुखणं वेगळं. खासगी शाळा असेल तर फीचंही बघा. आरटीईच्या (शिक्षणहक्क कायद्याच्या) 25 टक्के जागांवर आलेल्या मुलांचं मोफत शिक्षण आठवीला संपतं. नववीत फी थकली की मूल आपणहून यायचं टाळतं. त्यासाठी त्याला वर्गात कुणीही उभं करू नये, हे ऑफिसलाही सांगून ठेवा.

मग त्यातली तीन-चारच मुलं घ्या. शाळेचे सलग दहा दिवस, प्रत्येकाशी रोज दोन मिनिटं बोला. अभ्यास आणि खाडे हे दोन विषय सोडून काहीही चालेल : क्रिकेटची टीम, गोविंदा पथकाचा सराव, घरी जाताना बसला किती गर्दी असते. जिन्यात, चालता चालता बोला; स्टाफरूममध्ये बोलावलंत तर ओरडा बसला असंच वर्गाला वाटतं. पहिले काही दिवस ‘हो’, ‘नाही’च्या पुढे काही मिळणार नाही. बहुतेक जण इथेच कंटाळतात. तुम्ही दहा दिवस पूर्ण करा.

शिकवताना प्रश्न विचारला की आपण जेमतेम एक सेकंद थांबतो आणि वर आलेल्या हाताकडे वळतो. मनात निदान तीन आकडे मोजा. अवघड प्रश्न असेल तर मिनिटभर शेजाऱ्याशी बोलून उत्तर वहीत लिहू द्या, मग विचारा, ‘तुमच्या दोघांचं काय ठरलं?’ चुकलं तरी एकट्याचं चुकत नाही. 35 मिनिटांच्या तासाला असे दोन प्रश्न पुरेत. चुकीच्या उत्तराला कुणी हसलं तर तिथल्या तिथे थांबवा, नाहीतर ते मूल पुन्हा लवकर तोंड उघडणार नाही.

प्रश्न : आठवीतल्या मुलीचं रोज सकाळी पोट दुखतं, रविवारी नाही. डॉक्टरांना काही सापडलं नाही. नाटक समजायचं का?
– एक आई, कळवा

उत्तर : नाही, ताई. धास्तीनेही पोट खरोखर दुखतं. ‘शाळेत काय झालं?’ याला उत्तर ‘काही नाही’ असंच येईल. बारीक विचारा : डबा कुणाबरोबर खातेस? व्हॅनमध्ये कुणाशेजारी बसतेस? शाळेत बाथरूमला जातेस ना? जिथे ती अडखळेल तिथे पुढे बोला. कुणी मारत किंवा अंगचटीला येत असेल तर आधी ते थांबवायचं, मग शाळा. तसं नसेल तर घरी ठेवू नका. खाडे वाढले की परत जाणं आणखी जड जातं. या वयाला 8 ते 10 तास झोप लागते, सकाळची शाळा असेल तर तीही मोजा. मरणाचं बोलली किंवा स्वतःला इजा केली, तर त्याच दिवशी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : तक्रारपेटीत फक्त संडासाच्या कडीच्या चिठ्ठ्या येतात. पेटीचा उपयोग काय?
– एक मुख्याध्यापक, घणसोली

उत्तर : सर, ती कडी याच आठवड्यात बसवा. कडी नाही म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, त्यामुळे ही तक्रार लहान नाही. शिवाय चिठ्ठी टाकल्यावर काही होतं का, हे मुलं यावरून बघतात. काय केलं ते नाव न घेता फळ्यावर लिहा. पेटी ऑफिससमोर किंवा कॅमेऱ्याखाली नको. ठरलेल्या वारी दोघांनी मिळून उघडा, त्यात एक शिक्षिका हवीच. अक्षरावरून मूल शोधायला गेलात तर पुन्हा चिठ्ठी पडणार नाही. लैंगिक त्रासाची चिठ्ठी निघाली तर शाळेतल्या शाळेत चौकशी करत बसू नका. पोक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हाताखालच्या कुणी केलेला गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलासाठी मदत 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवरही मिळते. आणि ती चिठ्ठी शेरा न मारता, आहे तशी जपून ठेवा.