जागावाटपाच्या बैठकीला जाण्याआधी

देगलूर

लेकी,

परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, पंचायत समितीच्या आघाडीचं बोलणं माझ्याकडं दिलंय. दोन गण त्यांना सोडले की जुळतंय." कागदावर जुळतंय, खरं आहे. पण त्या दोन गणांत, म्हणजे मतदारसंघांत, इतकी वर्षं आपल्या सतरंज्या कोण उचलतं, हे तुला विचारायचं राहून गेलं.

तेव्हापासून मला नरसिंह राव आठवताहेत. तुझ्या पिढीला ते १९९१ च्या आर्थिक सुधारणांपुरते माहीत. आपल्याकडच्या जुन्या लोकांना ते निजामी मुलखातले, म्हणजे घरचेच वाटायचे. १९३८ च्या वंदे मातरम् आंदोलनात कॉलेजातून काढले गेले, मग पुणे-नागपूर करत शिकले. पुढं काँग्रेसमध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या गटातले. मराठी इतकी पक्की की हरिभाऊ आपट्यांची कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली.

पराभवही पाहिलेला माणूस. १९८४ ला भाजपच्या देशभरात दोनच जागा आल्या, त्यातली एक हनमकोंड्याची, आणि तिथं पडलेले उमेदवार राव! रामटेकनं निवडून दिलं म्हणून लोकसभेत गेले. १९९१ ला तर उभेच राहिले नाहीत, पुस्तकं बांधून हैदराबादला परतायच्या बेतात होते. राजीव गांधींची हत्या झाली आणि महिन्याभरात, २१ जूनला, हे पंतप्रधान. बहुमताविना.

तिथून पुढं पाच वर्षं त्यांनी सभागृहातली डोकी मोजली. २८ जुलै १९९३ चा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ असा पडला. अध्यक्षांच्या खुर्चीत लातूरचे शिवराज पाटील, गृहमंत्री नांदेडचे शंकरराव चव्हाण. तरी आपल्याकडं तो दिवस फारसा कुणाला आठवत नाही, कारण दोनच महिन्यांनी किल्लारीचा भूकंप झाला. त्या १४ मतांपायी झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना पैसे दिल्याचा खटला चालला. २००० साली खालच्या कोर्टात रावांना शिक्षा झाली, २००२ साली उच्च न्यायालयात ते सुटले. निकाल काय लागायचा तो लागला, वास गेला नाही. आणि ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी पडताना ते गप्प बसले, त्याची वकिली मी तुझ्यापुढं करणार नाही.

मला सांगायचंय ते तामिळनाडूचं. १९९१ ला काँग्रेस आणि जयललितांचा अण्णाद्रमुक एकत्र लढले आणि तिथल्या सगळ्या ३९ जागा घेतल्या. २८ एकट्या काँग्रेसच्या. म्हणून १९९६ ला रावांनी तीच युती पुढं रेटली. पण मधल्या पाच वर्षांत जयललितांच्या कारभारावर लोक चिडलेले. राज्यातले काँग्रेसवाले सांगत होते, यांच्याबरोबर नको, आम्हाला गावात तोंड दाखवता येणार नाही. दिल्लीनं ऐकलं नाही. मग तिथले काँग्रेसचे पुढारी मूपनार बाहेर पडले, तमिळ मनिला काँग्रेस काढली, द्रमुकशी हात मिळवला आणि २० जागा जिंकल्या. काँग्रेसला तिथं भोपळा. देशात १४० वर आले आणि सत्ता गेली. मूपनारांबरोबर गेलेले चिदंबरम देवेगौडांच्या सरकारात अर्थमंत्री झाले, आणि त्या सरकारला बाहेरून पाठिंबा कुणाचा? रावांच्याच काँग्रेसचा.

त्याच वर्षी उत्तर प्रदेशात विधानसभेला बसपशी समझोता केला. त्यांना तीनशेच्या आसपास जागा, आपल्याला सव्वाशे. जिथं आपला उमेदवारच नाही, तिथल्या कार्यकर्त्यानं मतदानाच्या दिवशी करायचं काय? तो घरी बसतो, नाहीतर दुसऱ्याच्या बूथवर जाऊन बसतो. एकदा गेला की पाच वर्षांनी चिन्ह परत आलं तरी तो येत नाही.

दिल्लीत एकेक खासदार मोजणाऱ्या माणसाची ही मोजणी चुकली. तुझं काम सोपं आहे, गण दोनच आहेत. बैठकीआधी दोन्हीकडं जा. फोन करू नकोस, जाऊन बस. आपली मतं त्यांच्या उमेदवाराला पडतील का, हे पुढाऱ्याला विचारू नकोस, बूथवर बसणाऱ्या पोराला विचार. त्याचं तिकीट जाणार असेल तर ते तुझ्या तोंडून कळू दे, व्हॉट्सअ‍ॅपवरून नको. बदल्यात सोसायटीचा नाहीतर मार्केट कमिटीचा शब्द देणार असशील, तर जो पाळता येईल तेवढाच दे.

जाशील तेव्हा मलाही घेऊन चल. त्यातल्या एका गावात मारुतीच्या पारावर एक म्हातारा बसतो. १९९९ च्या सप्टेंबरात दोन्ही काँग्रेस एकमेकांविरुद्ध लढल्या, तेव्हा माझ्या सांगण्यावरून तो सख्ख्या मेव्हण्याच्या अंगावर गेला होता. ऑक्टोबरात विलासरावांचं सरकार दोन्ही काँग्रेसनी मिळून केलं आणि मी त्याला निरोप धाडला, आता मेव्हण्याला पेढा दे. निरोपच धाडला, स्वतः गेलो नाही. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. तुझ्याशी बोलेल.

तुझा
काका