जवळच्या सुपरनोव्हांबरोबर दिसणारे गॅमा किरण स्फोट इतके फिके का असतात?

प्रश्न निपाणीच्या बीएस्सीच्या विद्यार्थ्याचा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. सुपरनोव्हा म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याचा स्फोट, आणि गॅमा किरण स्फोट (इंग्रजी लघुरूप जीआरबी) म्हणजे गॅमा किरणांचा अचानक आलेला झगमगाट.

२५ एप्रिल १९९८ ला बेपोसॅक्स उपग्रहाला एक गॅमा किरण स्फोट दिसला आणि त्याच जागी एसएन १९९८बीडब्ल्यू हा सुपरनोव्हा सापडला. अंतर सुमारे १२ कोटी प्रकाशवर्षं, म्हणजे अगदी शेजारी. तरी गॅमा ऊर्जा नेहमीच्या स्फोटांपेक्षा हजारो पटींनी कमी!

पहिला अंदाज होता, झोत (ताऱ्यातून प्रचंड वेगाने निघणारी द्रव्याची अरुंद धार, जिच्यातून गॅमा किरण येतात) आपल्याकडे रोखलेला नसावा. रात्री उसाला पाणी पाजणाऱ्याची बॅटरी बाजूने फिकी दिसते, तसं. पण झोत मंदावून पसरला की रेडिओ लहरींत उशिरा का होईना दिसायला हवा होता. तो दिसला नाही.

मला पटतं ते दुसरं उत्तर. हायड्रोजन, हेलियम गमावलेल्या जड ताऱ्याचा गाभा कोसळतो, कृष्णविवर किंवा मॅग्नेटार (अतिप्रबळ चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा) बनतो, झोत निघतो. पण तो ताऱ्याच्या आवरणातच गुदमरतो. बाहेर पडते ती फक्त आघातलाट, म्हणजे धक्क्याने पुढे सरकणारी दाबाची लाट. २००६ चा जीआरबी ०६०२१८ अर्ध्या तासाहून जास्त टिकला, सोबत उष्ण क्ष-किरणही होते. हे या गुदमरलेल्या झोताच्या चित्राशी जुळतं. पण सुपरनोव्हाबरोबरच्या सगळ्या स्फोटांना हेच लागू नाही. २००३ चा जीआरबी ०३०३२९ तुलनेने जवळचा असूनही चांगलाच प्रखर होता.

आणि हो, खानापूरच्या जंगलात आकाश कितीही काळंभोर असलं तरी गॅमा किरण वातावरणातच अडतात. त्यासाठी उपग्रहच लागतो.