कायम कार्टमध्ये बसून गोल्फ खेळलोय, आता १८ होल चालत खेळायचे आहेत. तयारी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की वय पन्नाशीच्या पुढे आहे, गुडघे ठीक आहेत, त्या मैदानावर कार्टला मनाई आहे आणि हातात सहा आठवडे आहेत. शेवटी हळूच विचारलंय, "चालून दमल्यामुळे बॅक नाइनला खेळ बिघडेल का?" (बॅक नाइन म्हणजे शेवटचे नऊ होल.) मी लिहायला बसलोय तो खरं तर या शेवटच्या वाक्यासाठी. माझ्या साडूंच्या तोंडून ते मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय.

साडू माझ्यापेक्षा सरस खेळतात, हे आधीच सांगून टाकतो. पण कार्ट नसेल तर टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, पाऊल ठेवत नाहीत. त्यांचे मुद्दे दोन. एक, गोल्फ हा बॉल मारायचा खेळ आहे, चालणं ही नुसती मिरवामिरवी. दोन, चालणारा चौदाव्या होलपर्यंत गळपटतो. पहिल्या मुद्द्यासाठी ते दर वेळी केसी मार्टिन या अमेरिकी गोल्फपटूचा खटला काढतात. मार्टिनच्या उजव्या पायात रक्ताभिसरणाचा जन्मजात विकार होता, चालणं धोक्याचं होतं. व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूरने कार्ट नाकारली, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००१ साली ७ विरुद्ध २ मतांनी निकाल मार्टिनच्या बाजूने लागला. त्याला कार्ट दिल्याने खेळाचं मूळ स्वरूप बदलत नाही, असं न्यायालय म्हणालं. "बघा भाऊसाहेब, चालणं हा खेळाचा भागच नाही!" इति साडू.

आता गंमत बघा. त्याच निकालात शरीरक्रियाशास्त्राच्या एका प्राध्यापकाची साक्ष उचलून धरली आहे. साधारण पाच मैलांचं हे चालणं पाचेक तासांत विभागलेलं असतं, वाटेत थांबायला भरपूर वेळ मिळतो, आणि त्यात जेमतेम ५०० कॅलरी जळतात. म्हणून हा थकवा नगण्य. कडक उन्हातही माणूस कोसळतो तो मुख्यतः अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे, चालण्याच्या श्रमामुळे नव्हे. म्हणजे साडूंचा पहिला मुद्दा ज्या कागदावर उभा आहे, तोच कागद त्यांचा दुसरा मुद्दा खोडतो. चालणं इतकं किरकोळ असेल तर मी चौदाव्याला गळपटतो कसा? हे विचारलं की ते पटरचं, म्हणजे बॉल भोकात ढकलायच्या काठीचं, डोकं पुसायला लागतात.

एकदा आमची मॅच ठरली. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता, त्यामुळे कार्ट फक्त पक्क्या रस्त्यावरूनच न्यायची, फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) उतरवायची नाही, असा फलक पहिल्या टीपाशीच लावलेला. साडूंचा बॉल नेहमीप्रमाणे फेअरवेच्या पलीकडच्या कडेला. कार्ट अलीकडे उभी करून ते ओल्या गवतातून आडवे चालत जायचे, हातात अंदाजाने घेतलेले दोन आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याचे क्लब. तिथे पोचल्यावर कळायचं की बॉल खळग्यात बसलाय आणि हवा आहे वेज, म्हणजे बॉल उंच उचलणारा क्लब. की परत कार्टपाशी, परत बॉलपाशी, आणि फटका मारून झाला की पुन्हा कार्टपाशी. एका होलवर तर हातातला जास्तीचा क्लब गवतावर ठेवून ते विसरले आणि ग्रीनवरून, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावरून, मागे गेले. मी आपला बॅग पाठीवर घेऊन टीवरून सरळ बॉलकडे, बॉलवरून सरळ ग्रीनकडे. चालत जातानाच समोरचा उतार दिसतो, वारा कुठून आहे ते कळतं, बॉलपाशी पोचेपर्यंत क्लब मनात ठरलेला असतो. त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त पायपीट साडूंचीच झाली, आणि मागचा गट थांबला होता तोही त्यांच्यासाठी.

मॅच त्यांनीच जिंकली, आणि घरी सगळ्यांना "कार्टचा फायदा" म्हणून सांगितलं. जिंकले ते पटिंगवर. पटिंग त्यांचं देवदत्त आहे, त्यात कार्टचा काय संबंध?

असो. तुमच्या तयारीकडे येतो.

रोज सपाट रस्त्यावर झपझप चालण्याचा सराव करू नका, म्हणजे करा, पण त्यावर विसंबू नका. स्कोअरकार्डवर सहा-सात हजार यार्ड लिहिलेले असतात, म्हणजे साडेपाच ते साडेसहा किलोमीटर. प्रत्यक्षात आडवंतिडवं फिरणं आणि ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंतचं अंतर धरून आठ-दहा होतात. पण त्रास अंतराचा नसतोच. चार-पाच तास पायांवर उभं राहणं, उंचसखल गवत आणि खांद्यावरचं ओझं, याचा असतो. म्हणून सराव त्याच बुटांत, तीच बॅग घेऊन आणि चढउतारावर करा. उतरण्याचा सराव जास्त करा. चढताना धाप लागते आणि जाते, पण मांड्या दुसऱ्या दिवशी धरतात त्या उतरल्यामुळे. मग नऊ होल चालत खेळा, आणि ते अंगवळणी पडलं की अठरा.

बॅग. कार्टवाल्यांची बॅग म्हणजे घरातला माळा, एकदा आत गेलेली वस्तू पुन्हा बाहेर येत नाही. ती बॅग घरी ठेवा आणि पायांवर उभी राहणारी, दोन पट्ट्यांची हलकी बॅग घ्या. पट्टे असे ओढा की वजन खांद्याला लोंबकळणार नाही, कमरेच्या वरच्या भागावर आडवं टेकेल. चौदा क्लब ही १९३८ पासूनची कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही, पण लोक ती सक्ती असल्यासारखे चौदा भरतात. तुमच्या-माझ्यासारख्याला नऊ-दहा पुरतात. तीन नंबरचं वुड (लांब फटक्याचा क्लब) काढा, एकाआड एक आयर्न काढा. बॉल अर्धा डझन. त्याहून जास्त हरवत असतील तर तुमचा प्रश्न चालण्याचा नाही.

ओझं नकोच असेल तर तीन चाकी ट्रॉली घ्या आणि पुढे ढकला. मागून ओढलीत तर खांदा पिरगळतो आणि तो स्विंगमध्ये जाणवतो.

बूट नवे नकोत. मोजे लोकरीचे चांगले, आणि नऊ होल झाले की बदलायला दुसरा जोड बॅगेत असू द्या. टाचेच्या मागे, बुटाची शिवण लागते तिथे, नुसतं गरम वाटायला लागलं की त्याच टीवर बूट काढून टेप लावा. लोक "हा होल होऊ दे" म्हणतात आणि फोड घेऊन घरी जातात.

पाणी तहान लागायच्या आधी, प्रत्येक टीवर दोन घोट. खाणं थोडं थोडं, तीन-चार होलनंतर. उन्हाला हलक्यात घेऊ नका. १९६४ च्या यूएस ओपनला काँग्रेशनल या मैदानावर शेवटच्या दिवशी ३६ होल होते. केन व्हेंचुरी हा खेळाडू उष्म्याने इतका खंगला की डॉक्टरने पुढे खेळू नको म्हणून बजावलं. तो खेळला, डॉक्टर सोबत चालला, आणि तो जिंकलाही. पण पुढच्याच वर्षीपासून ती स्पर्धा चार दिवसांची झाली. तुमच्यासोबत डॉक्टर नसणार.

तुमच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर: बॅक नाइनला खेळ बिघडला तर तो बहुधा धापेमुळे बिघडेल. चढावरच्या ग्रीनवर तरातरा पोचून लगेच पट केला की हात हलतो. शेवटची वीस-पंचवीस पावलं मुद्दाम सावकाश टाका, आणि बॅग ग्रीनच्या ज्या बाजूला पुढची टी आहे त्या बाजूला ठेवा, म्हणजे वेळही वाचतो. एका फटक्याला ४० सेकंदांपेक्षा जास्त लावू नयेत, असं नियमांतच सुचवलेलं आहे. तेवढं पाळणाऱ्या चालणाऱ्यामुळे कोणाचाही खोळंबा होत नाही. साडू बॉलमागे उभं राहून किती वेळ घेतात ते मी इथे लिहीत नाही.

एक राहिलं. हे सगळं धडधाकट माणसासाठी आहे. हृदय, रक्तदाब, साखर यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मार्टिनला कार्ट मिळाली ते योग्यच झालं. माझं भांडण गरज नसताना बसणाऱ्यांशी आहे. आणि जाण्यापूर्वी मैदानाला फोन करून तीन गोष्टी विचारा: कॅडी (बॅग उचलणारा माणूस) मिळतो का, स्वतःची ट्रॉली चालते का, आणि ग्रीनपासून पुढची टी किती लांब असते. जुन्या मैदानांवर ती बहुतेक हाकेच्या अंतरावर असते. कार्ट गृहीत धरून बांधलेल्या मैदानांवर मात्र दोन होलच्या मध्येच एवढं चालावं लागतं की तिथे मीही ट्रॉलीच घेतो.