देणगीवर मिळते ती वजावट, करमाफी नव्हे

प्रश्न असा आहे : कंपनीनं एखाद्या धर्मादाय संस्थेला देणगी दिली की बातमीत कधी ‘करमाफी’ छापून येतं, कधी ‘करकपात’, कधी ‘करसवलत’. योग्य शब्द कोणता? आणि ‘कर वाचवायला दिली’ असं सर्रास म्हटलं जातं, ते कितपत खरं?

शब्द ‘वजावट’. करमाफी म्हणजे कर भरावाच न लागणं. करकपात म्हटलं की टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, डोळ्यांपुढे येतो, नाहीतर सरकारनं दर उतरवले असं वाटतं. सवलत चुकीचा नाही, पण फार ढोबळ आहे. वजावट होते ती करपात्र उत्पन्नातून, कराच्या रकमेतून नाही. सगळा गैरसमज इथेच आहे.

हिशेब मांडून बघा. कंपनीनं १० लाख दिले. १९६१च्या आयकर कायद्यातल्या ८०जी कलमाखाली संस्थेनुसार ५० किंवा १०० टक्के वजावट ठेवलेली होती, आणि बऱ्याच देणग्यांना उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादाही. ५० टक्के धरली तर उत्पन्नातून ५ लाख वजा झाले. कराचा दर २५ टक्के मानला, अधिभार आणि उपकर सोडून दिले, तर कर वाचला सव्वा लाख. उरलेले पावणेनऊ लाख खिशातून गेले ते गेलेच. आणि जिनं २२ टक्के दराचा पर्याय घेतला आहे, त्या कंपनीला ही वजावट मिळतच नाही. तिच्या देणगीबद्दल ‘कर वाचवायला’ म्हणणं सपशेल चूक.

उलट तेच १० लाख जाहिरातीवर घातले तर तो धंद्याचा खर्च, पूर्ण वजा होतो; कर अडीच लाखांनी घटतो. नुसता करच वाचवायचा असता तर कुणी देणगीच्या वाटेला गेलं नसतं.

म्हणून हेतू शोधायचाच तर दुसरीकडे शोधावा : नाव व्हावं, प्रकल्पाच्या आसपासच्या लोकांचा विरोध मावळावा, पैसा प्रवर्तकांच्याच विश्वस्त संस्थेत जावा. यातलं शेवटचं मला सर्वांत तपासण्यासारखं वाटतं, कारण तिथे पैसा बाहेर गेला तरी ताबा घरातच राहतो.

आणखी एक. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या, पैशाला ‘देणगी’ म्हणू नये. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के खर्च करावेच लागतात, आणि तो धंद्याचा खर्च म्हणून वजाही करता येत नाही. त्याला ‘सीएसआर खर्च’ म्हणावं. मंडपावर कंपनीचं नाव झळकावं म्हणून दिलेले पैसे मात्र ‘प्रायोजकत्व’. मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरच्या नियमांनीही २०२१पासून स्पष्टपणे वगळलं आहे.