वीजबिलाची चिंता, आणि दहा लाखांचा चेक देऊन मोकळे

प्रश्न: पुण्यातला फ्लॅट ९५ लाखांना विकतोय. जानेवारी २०१० मध्ये ३५ लाखांना घेतला होता. खरेदीखत आणि ताबा फेब्रुवारी २०२६ मध्ये. वीज, गॅस, सोसायटीची शेवटची बिलं कशी मिटवू? वीजजोडणी बंद करायची का? टॅक्स वाचावा म्हणून बँकेतल्या अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून बयाण्यातले दहा लाख एका विमा योजनेत भरले आहेत. अजून चार वर्षं तेवढेच भरायचेत.

उत्तर: जोडणी बंद करू नका, घेणाऱ्याला नवी घ्यावी लागेल. ताब्याच्या दिवशी मीटरचा फोटो काढा, रीडिंग ताबा पावतीवर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पुढचं बिल त्या आकड्यावरून वाटून घ्यायचं. महावितरणकडे नाव बदलाचा अर्ज करताना बिलावर दिसणाऱ्या सुरक्षा ठेवीचं काय, तेही ठरवा. एक तर ती रक्कम घेणाऱ्याकडून घ्या, नाहीतर सोडून द्या. पाइप गॅसचंही तसंच. आणि ऑटो-पे आठवणीने बंद करा, नाहीतर घेणाऱ्याचं बिल तुमच्या खात्यातून जात राहील. सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र तारखेसकट घ्या. सोसायटीने हस्तांतर प्रीमियम (फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करण्याची फी) २५ हजारांच्या वर मागितला, तर कोणत्या नियमाने ते लेखी विचारा. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला निधी, परत मिळत नाही, तो सोसायटीच्या शेअर्सबरोबर घेणाऱ्याकडे जातो.

हा सगळा व्यवहार फार तर काही हजारांचा. आता दहा लाखांचं बोलू.

विमा हप्ता भरून घराच्या विक्रीवरचा कर वाचत नाही. एक रुपयाही नाही. शिवाय वर्षाला पाच लाखांपेक्षा जास्त हप्ता असलेल्या, १ एप्रिल २०२३ पासूनच्या पारंपरिक (शेअर बाजाराशी न जोडलेल्या) पॉलिसीची मुदतपूर्तीची रक्कमही करमुक्त नसते. हे तुम्हाला सांगितलंय का?

बहुधा ६० लाख नफ्यावर १२.५ टक्के, म्हणजे सेस (करावरचा उपकर) धरून पावणेआठ लाख, असं भय त्या अधिकाऱ्याने घातलं असेल. पण २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला, तुम्ही निवासी भारतीय असाल तर, निर्देशांकासह, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून, २० टक्क्यांचा हिशोब खुला आहे. दोन्हींत जो कर कमी, तोच लागतो. तुमच्या खरेदीच्या वर्षी (२००९-१०) निर्देशांक १४८ होता, विक्रीच्या वर्षी (२०२५-२६) ३७६. ३५ लाखांचे झाले ८९ लाख. नफा उरला ६ लाख, कर सव्वा लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीच्या जुन्या पावत्या सापडल्या तर तोही खर्च निर्देशांकाने वाढतो, विक्रीची दलाली वजा होते. मग कर जवळपास शून्यावर येईल. त्या पावत्या आधी शोधा, मग सीएकडे जा. घेणारा ९५ हजार टीडीएस कापेल, तो २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या पत्रकात, दिसतोय ना ते पाहा.

पॉलिसीचा दस्तऐवज मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा खर्च कापून पैसे मिळतात. अर्ज बँकेच्या माणसाकडे नाही, थेट विमा कंपनीकडे, लेखी, पोच घेऊन. ‘थांबा, बघतो’ म्हणत तो दिवस काढेल. हे काम आज करा, मीटरचा फोटो ताब्याच्या दिवशी.