थंड पाण्यात श्वास अडकतो, म्हणजे मी भित्री झाले का?

पहिल्या ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग स्पर्धेची तयारी करणारी मंडळी माझ्याकडे येतात ती बहुधा पाण्याची धास्ती घेऊन. सायकलची किंवा धावण्याची काळजी त्यांना फारशी नसते.

त्यांतलीच एक, मूळची सांगलीची. चाळिशी ओलांडलेली, नोकरीमुळे मँचेस्टरजवळ राहणारी. (तिच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मे महिन्यातल्या स्प्रिंट, म्हणजे छोट्या अंतराच्या ट्रायथलॉनला तिनं नाव दिलं होतं. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. तरणतलावात हे अंतर ती सहज पार करायची. पण एप्रिलमध्ये तळ्यात उतरली, पाणी १२ अंशांच्या आसपास, आणि तोंड बुडवताच श्वास अडकला, छाती धडधडू लागली. कशीबशी काठाला आली. व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "मॅडम, मी कृष्णेत उड्या मारत वाढलेली मुलगी. मला पॅनिक अटॅक यायला लागलेत का? नाव मागे घेऊ?"

मी आधी तिला डॉक्टरकडे पाठवलं. ट्रायथलॉनमधले बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात होतात. त्यामुळे छातीतली धडधड मनाच्या खात्यावर टाकण्याआधी हृदय आणि रक्तदाब तपासायलाच हवेत, इथे मी अजिबात तडजोड करत नाही. तपासणी व्यवस्थित निघाली, मग आम्ही बोलायला बसलो.

साधारण १५ अंशांखालच्या पाण्यात अंग गेलं की त्वचेला बसलेला गारठ्याचा धक्का थेट श्वासावर आदळतो. एक मोठा, अनावर श्वास आत ओढला जातो, मग भराभर धाप लागते, नाडी आणि रक्तदाब चढतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात जोर सर्वांत जास्त असतो, दोन-तीन मिनिटांत तो ओसरतो. ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ती चुकत नाही. त्यातच लगेच तोंड बुडवलं की हृदयाला उलटा निरोप जातो, कारण चेहऱ्यावरचं गार पाणी त्याची गती कमी करू पाहतं. तिनं नेमकं हेच केलं होतं. वर "घाबरू नकोस" असं स्वतःला दटावत जोरजोरात हात मारले होते. हे दटावणं कुणाचं, असं विचारल्यावर तिला वडिलांचा आवाज आठवला.

धीट व्हायला मी तिला सांगितलं नाही, थांबायला सांगितलं. जीवरक्षक असलेल्या तळ्यातच जायचं, कधीच एकटीनं नाही. वेटसूट (अंगाची ऊब टिकवणारा रबरी पोशाख) आणि तशाच रबराची, निओप्रीनची टोपी घालायची. हळूहळू उतरायचं, पाठीवर तरंगायचं, श्वास सोडताना लांबवायचा आणि बेचा पाढा मोठ्यानं म्हणायचा. 'बे दाहे वीस'पर्यंत मध्ये धाप न लागता पोचली की मगच तोंड पाण्यात. अशा छोट्या डुबक्या पुन्हा पुन्हा घेतल्या की शरीर सरावतं आणि धक्का खरोखर कमी होतो. तिचाही झाला.

दुसरी भीती तिनं बऱ्याच उशिरा सांगितली : "मी सगळ्यात मागे पडले तर?" या भीतीनं पाण्यातून निघताच सायकलकडे घाई होते. पण गार पाण्यानं बोटं आधीच बधिर असतात, ओल्या अंगावर सायकलचा वारा लागला की आणखी होतात. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावता येत नाही, आणि बधिर बोटांना तो पट्टा लागत नाही. म्हणून सायकलवर बसण्याआधी थांबून अंग पुसायचं, जाकीट आणि हातमोजे घालायचे, वेळ गेला तर जाऊ दे, असं ठरलं. स्पर्धा सोडायची कधी, तेही आधीच लिहून ठेवलं : थरथर आवरेना किंवा ब्रेक दाबता येईना, तर तिथेच उतरायचं. हा निर्णय गारठलेल्या डोक्यावर सोडू नये, असं मला फार वाटतं.

स्पर्धेत ती सगळ्यांच्या मागून पाण्यात शिरली. मध्येच धाप लागली तेव्हा मदतीला असलेल्या कयाकला (छोट्या होडीला) धरून थांबली. त्याच्या आधारानं पुढे सरकलं नाही तर नियमांना ते चालतं, हे तिला माहीत होतं. स्पर्धा तिनं पूर्ण केली.

आता तिनं सप्टेंबरच्या स्पर्धेला नाव दिलंय. तेव्हा तळ्याचं पाणी मे महिन्याइतकं गार नसतं. मुलाला पोहायला नेताना मात्र "घाबरू नकोस" अजून तिच्या तोंडून निघतं. सध्या आमचं बोलणं त्यावर चाललं आहे.